ताऱ्यांची लिपी

पाठपरिचय : शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात एक मोठी वेधशाळा होती. ती उभारणारे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे आपल्या देशातील आधुनिक खगोलशास्त्राच्या आरंभीच्या शास्त्रज्ञांपैकी एक होत. त्यांच्या जीवनाची आणि कार्याची ओळख या पाठात करून दिली आहे.

इगतपुरी हे नाशिक जिल्ह्यातील घाटमाथ्यावरचे गाव. मुंबईहून निघालेली आगगाडी कसाऱ्याला थांबते. तेथे बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. मग थळ घाटाची अवघड चढण चढून, बोगद्यांतून वाट काढत गाडी इगतपुरीला पोचते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे धो धो पाऊस पडतो. डोंगर ढगांत बुडून जातात. आठवडेच्या आठवडे सूर्याचे दर्शन होत नाही, मग ताऱ्यांची गोष्ट कशाला?

पण दिवाळी झाली की आकाश निवळते. थंडीच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास स्टेशनाचे आणि बाजारपेठेचे दिवे मागे टाकून गावाबाहेर जावे. कळसूबाईच्या डोंगररांगेवर मृग नक्षत्र चढत असते. चार कोपऱ्यांना चार ठळक तारे आणि मध्ये एका ओळीत तीन तारे, असा त्याचा आकार आहे. मधल्या तीन ताऱ्यांना आपले लोक मृगाच्या पोटात रुतलेला बाण म्हणतात. चार ताऱ्यांतील एक निळसर पांढरा तारा आहे. मराठीत त्याला राजन्य म्हणतात. इंग्रजीत त्याचे नाव रायजेल. हे नाव अरबी भाषेतील ‘रिज्ल’ म्हणजे पाय या शब्दावरून आले आहे. आकाशाचा अभ्यास कोणा एका देशाने किंवा एका भाषेने केलेला नाही, हे या एका नावावरून समजते.

बाणाच्या तीन ताऱ्यांच्या थोडे खाली नीट पाहा. तेथे एक अंधुक, धुरकट ठिपका दिसतो. तो तारा नाही. तो एक तेजोमेघ आहे, म्हणजे चमकणाऱ्या वायूचा प्रचंड मोठा ढग. हा ढग कशाचा बनला आहे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात जगातील मोठमोठ्या शास्त्रज्ञांना पडला होता. त्यावर वाद चालू होता. त्या वादात पुण्याच्या एका प्राध्यापकाने आपले निरीक्षण मांडले. त्या प्राध्यापकाचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

कावसजींचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र हे त्यांचे विषय होते. १८७८ साली ते एम.ए. झाले. विद्यापीठाचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. काही वर्षांनी त्याच कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवू लागले. तोपर्यंत त्यांचे लक्ष आकाशाकडे नव्हते, ते प्रयोगशाळेकडे होते.

१८८२ साली भावनगर संस्थानचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तितकीच रक्कम त्यात घातली. या दहा हजार रुपयांतून वर्णपटाच्या अभ्यासाची एक प्रयोगशाळा काढावी, असे ठरले. त्या काळी दहा हजार रुपये ही मोठी रक्कम होती. साधने खरेदी करण्यासाठी नायगमवाला १८८४ साली इंग्लंडला गेले.

वर्णपट म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. सूर्याचा किरण काचेच्या लोलकातून गेला की त्याचे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग वेगळे होतात. रंगांच्या या पट्ट्याला वर्णपट म्हणतात. इंद्रधनुष्य हाही एक वर्णपटच आहे. आता घरातील चुलीकडे पाहा. डाळीचे खारट पाणी उतू जाऊन ज्योतीवर पडले, तर ज्योत एकदम पिवळी होते. हा पिवळा रंग मिठातील सोडियमचा असतो. त्या ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहिला तर पिवळ्या रंगाच्या ठरावीक जागी ठळक रेषा दिसतात. सोडियम पृथ्वीवर असो, सूर्यावर असो की एखाद्या ताऱ्यावर असो, त्याच्या रेषा त्याच जागी येतात. लोखंडाच्या रेषा वेगळ्या, हायड्रोजनच्या वेगळ्या. प्रत्येक मूलद्रव्याची जणू ही सही असते.

तुम्ही घरी आणि शाळेत उर्दू लिपी उजवीकडून डावीकडे वाचता. मराठी शिकताना तुम्हांला देवनागरी अक्षरे नव्याने ओळखावी लागली. अक्षरे ओळखता येईपर्यंत पान समोर असूनही काही कळत नव्हते. ताऱ्यांचा प्रकाशही असाच आहे. तो रोज रात्री आपल्यापर्यंत येतो, पण त्याची लिपी येत असेल तरच त्यातला मजकूर कळतो. ही लिपी वाचण्याच्या साधनाला वर्णपटदर्शक म्हणतात. नायगमवाला हे साधन आणण्यासाठी गेले होते.

इंग्लंडमध्ये त्यांची तेथील मोठ्या खगोलशास्त्रज्ञांशी भेट झाली. त्यांत नॉर्मन लॉकयर हे एक होते. सूर्याच्या वर्णपटातील एक अनोळखी पिवळी रेषा पाहून, सूर्यावर हेलियम नावाचे नवे मूलद्रव्य असावे, असे सांगणारे हेच लॉकयर. ‘नेचर’ हे जगप्रसिद्ध विज्ञान साप्ताहिकही त्यांनीच १८६९ साली सुरू केले. या मंडळींनी नायगमवालांना एक वेगळी वाट दाखवली. चार भिंतींच्या आत वर्णपटाचे प्रयोग करण्यापेक्षा भारताच्या आकाशाचा उपयोग करावा, सूर्याचे आणि ताऱ्यांचे वर्णपट पाहणारी वेधशाळा काढावी, असा त्यांचा सल्ला होता. नायगमवालांना तो पटला. प्रयोगशाळेसाठी निघालेला तरुण प्राध्यापक वेधशाळेचा संकल्प घेऊन परत आला.

वेधशाळा म्हणजे उर्दूतील रसदगाह. हा शब्द आपल्याला नवा नाही. समरकंदला उलुग बेगने पंधराव्या शतकात रसदगाह बांधली होती. अठराव्या शतकात राजा सवाई जयसिंगाने दिल्ली, जयपूर इत्यादी ठिकाणी दगडी वेधशाळा उभारल्या. तेथे ग्रहताऱ्यांच्या जागा फार काळजीपूर्वक मोजल्या जात. पण तारा कोठे आहे हे मोजणे वेगळे आणि तारा कशाचा बनला आहे हे शोधणे वेगळे. नायगमवालांची वेधशाळा या दुसऱ्या प्रश्नासाठी होती.

लवकरच नायगमवाला मुंबईहून पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. हेच कॉलेज पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. कॉलेजच्या आवारात वेधशाळेचे बांधकाम झाले. १८८८ साली वेधशाळा तयार झाली. देणगी देणाऱ्या महाराजांच्या नावावरून तिला महाराज तख्तसिंहजी वेधशाळा असे नाव दिले गेले. तेथे हळूहळू दुर्बिणी आणि वर्णपटदर्शक जमा झाले. त्यांतली सर्वांत मोठी दुर्बीण वीस इंची आरशाची होती. वीस इंच म्हणजे सुमारे एक्कावन्न सेंटिमीटर. आपल्या घरातल्या मोठ्या परातीएवढा हा आरसा. आज हा आकार लहान वाटेल, पण त्या काळी भारतात एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती.

दुर्बीण हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. दूरचे पाहणारी ती दूरबीन. परंतु मोठ्या दुर्बिणीचे खरे काम केवळ दूरचे मोठे करून दाखवणे हे नसते. प्रकाश गोळा करणे हे तिचे मुख्य काम असते. पावसात अंगणात वाटी ठेवली तर थोडे पाणी जमते, परात ठेवली तर पुष्कळ जमते. तसेच आरसा जितका मोठा, तितका ताऱ्याचा प्रकाश अधिक जमतो. वर्णपटदर्शक त्या प्रकाशाला रंगारंगांत पसरवून टाकतो. अंधुक ताऱ्याचा आधीच थोडा असलेला प्रकाश असा पसरला की तो फारच फिका होतो. म्हणून वर्णपटाच्या कामाला मोठा आरसा लागतो.

हे काम सोपे नव्हते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे तारे सतत पुढे सरकताना दिसतात. दुर्बीण त्यांच्यामागे त्याच गतीने फिरवावी लागते. आरशावरील चांदीचा मुलामा दमट हवेने काळवंडतो, तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. पावसाळ्याचे चार महिने वेध घेता येत नाहीत. थंडीतल्या निरभ्र रात्री मात्र जागून काढाव्या लागतात. दिवसा कॉलेजात शिकवायचे आणि रात्री आकाश वाचायचे, असा नायगमवालांचा उद्योग सुरू झाला.

आता त्या वादाकडे वळू. तेजोमेघांच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसे. ती कोणत्या मूलद्रव्याची, हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. लॉकयर यांचे मत असे होते, की आकाशातील सर्व वस्तू उल्कांच्या झुंडींपासून बनल्या आहेत आणि ही हिरवी रेषा उल्कांमधील मॅग्नेशियमची आहे. मॅग्नेशियमपासून त्या जागी जो प्रकाश मिळतो, तो एका बारीक रेषेसारखा नसतो. त्याची एक कड ठळक असते आणि दुसरीकडे तो हळूहळू विरत जातो. म्हणजे लॉकयर यांचे म्हणणे खरे असेल, तर तेजोमेघाची रेषाही एका बाजूने विरत जाणारी दिसायला हवी.

नायगमवालांनी पुण्याहून मृगातील तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. रेषा पुन्हा पुन्हा तपासली. ती त्यांना दोन्ही बाजूंनी स्वच्छ, बारीक आणि रेखीव दिसली. कोठेही विरत जाणारी कड नव्हती.

येथे त्यांच्यापुढे एक अवघड प्रसंग उभा राहिला. लॉकयर हे वयाने आणि कीर्तीने त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे होते. वेधशाळा काढण्याचा सल्ला देणाऱ्यांत तेच होते. एकीकडे अशा उपकारकर्त्याचे मत होते आणि दुसरीकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली रेषा होती. शिवाय तो काळ इंग्रजांच्या राज्याचा होता. पुण्यातल्या एका हिंदी प्राध्यापकाने लंडनच्या नामवंत शास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध लिहावे, ही साधी गोष्ट नव्हती. गप्प बसणे सोपे होते.

नायगमवाला गप्प बसले नाहीत. १८९१ साली त्यांनी आपले निरीक्षण लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. रेषा रेखीव आहे, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. इंग्लंड आणि अमेरिकेतील इतर निरीक्षकांनाही तसेच आढळले होते. लॉकयर यांचे मॅग्नेशियमचे मत मागे पडले. मग ती रेषा कोणाची? याचे उत्तर मिळायला १९२७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकन शास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवून दिले, की ही रेषा ऑक्सिजनची आहे. आपण श्वासावाटे घेतो तोच ऑक्सिजन. तेजोमेघात तो अतिशय विरळ स्थितीत असतो आणि त्याच्या अणूंनी आपले दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, म्हणून त्याची रेषा निराळी दिसते. नायगमवालांना हे उत्तर ठाऊक नव्हते. परंतु जे दिसले ते तसेच सांगितले पाहिजे, हे त्यांना ठाऊक होते. शास्त्रात मोठेपणाला मान असतो, पण निर्णय पुराव्यावर होतो.

नायगमवालांच्या आयुष्यातील दुसरा मोठा प्रसंग म्हणजे १८९८ सालचे सूर्यग्रहण. त्या वर्षी २२ जानेवारीला खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राची सावली कोकणच्या किनाऱ्यावरून भारतात शिरून महाराष्ट्र ओलांडून ईशान्येकडे जाणार होती. खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याला पूर्ण झाकतो. एरवी झगझगीत उजेडात न दिसणारे सूर्याभोवतीचे प्रभामंडल तेवढ्या वेळात दिसते. म्हणून परदेशांतूनही शास्त्रज्ञ येथे आले. लॉकयर आपल्या साधनांसह विजयदुर्गच्या किल्ल्यावर होते. नायगमवालांनी आपला तळ सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे दिला. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे शास्त्रज्ञ कॅम्पबेल हेही जेऊरलाच उतरले होते.

ते दिवस कठीण होते. मुंबई इलाख्यात १८९६ पासून प्लेगची साथ पसरली होती. अशा काळात नाजूक साधने पुण्याहून हलवणे, माळरानावर ती उभी करणे, सगळी माणसे तयार ठेवणे, हे मोठे जोखमीचे काम होते. आणि हे सारे कशासाठी? जेऊरला खग्रास स्थिती फक्त सुमारे दोन मिनिटे टिकणार होती. त्या दोन मिनिटांत ढगाचा एक तुकडा आला असता, तर कित्येक महिन्यांची मेहनत वाया गेली असती. कोणाच्या हातून काच निसटली असती, तर ती पुन्हा लावायला वेळ नव्हता.

सुदैवाने त्या दिवशी आकाश स्वच्छ होते. भर दिवसा अंधार पडला. नायगमवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छायाचित्रे आणि वर्णपट घेतले. मग सूर्याची पहिली तिरीप बाहेर पडली आणि ग्रहण सुटू लागले. दोन मिनिटांचे काम संपले, पण अभ्यास संपला नव्हता. काचेवरील प्रत्येक रेषा मोजायची, तपासायची आणि लिहून काढायची होती. त्याचा सविस्तर अहवाल १९०२ साली पुण्याच्या वेधशाळेने प्रसिद्ध केला. दोन मिनिटे पाहिलेल्या गोष्टीचा अहवाल निघायला चार वर्षे लागली. संशोधनाला किती धीर लागतो, हे यावरून दिसते.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले. त्यांच्या जागी दुसरा कोणी नेमला गेला नाही. सरकारने वेधशाळाच बंद केली. वीस इंची दुर्बीण आणि इतर साधने खोक्यांत भरून दक्षिणेत कोडईकनालच्या सरकारी वेधशाळेत पाठवण्यात आली. तेथे मुख्य काम सूर्याचे होते. त्यामुळे देशातील ही सर्वांत मोठी दुर्बीण पुष्कळ वर्षे वापराविना पडून राहिली. विसाव्या शतकाच्या मध्याला ती पुन्हा उभारली गेली. तेव्हा भावनगर दुर्बीण या नावाने ती ओळखली जाऊ लागली. पण ते पाहायला नायगमवाला नव्हते. १९३८ साली त्यांचे निधन झाले होते.

आपल्या आयुष्याचे चोवीस वर्षांचे काम खोक्यांत बंद होऊन गेले, याचे त्यांना काय वाटले असेल, याची आपण कल्पनाच करू शकतो. चूक दुर्बिणीची नव्हती आणि आकाशाचीही नव्हती. सारी वेधशाळा एका माणसाच्या खांद्यावर उभी होती. तो माणूस बाजूला होताच ती कोसळली. वेधशाळा आरशांनी आणि घुमटाने बनते, हे खरे; परंतु ती टिकते माणसांनी. एकाने दुसऱ्याला शिकवावे, दुसऱ्याने तिसऱ्याला तयार करावे, तेव्हाच रात्रीमागून रात्री काम चालू राहते.

पुढे पुण्याने हा धडा गिरवला. तख्तसिंहजी वेधशाळा तयार झाल्याला बरोबर शंभर वर्षे झाली, त्या १९८८ साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर २०२५ साली निवर्तले, पण संस्थेचे काम चालू आहे. पुणे जिल्ह्यात गिरवली येथे आयुकाची वेधशाळा आहे. २००६ साली सुरू झालेल्या तेथील दुर्बिणीचा आरसा दोन मीटरचा आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावजवळ खोडद येथे रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या मिळून ती बनली आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. आज ते हयात नाहीत, तरीही त्या तबकड्या आकाशाकडे कान लावून आहेत. एक पिढी गेली की दुसरी पिढी तिची जागा घेते. नायगमवालांना जे लाभले नाही, ते या संस्थांना लाभले आहे.

या थंडीत एखाद्या निरभ्र रात्री घरातील मोठ्या माणसांबरोबर बाहेर पडा. मृगातले तीन तारे शोधा आणि त्यांच्या खालचा तो अंधुक ठिपका पाहा. इगतपुरीच्या माळावरून दिसणारा तेजोमेघ तोच आहे, जो पुण्याच्या वेधशाळेतून कावसजी नायगमवालांनी पाहिला होता. त्याचा प्रकाश आजही तसाच येत आहे. त्याची लिपी वाचणारे डोळे मात्र प्रत्येक पिढीत नव्याने तयार व्हावे लागतात.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नायगमवाला इंग्लंडला कशासाठी गेले होते?
(आ) पुण्याच्या वेधशाळेला कोणाचे नाव देण्यात आले?
(इ) तेजोमेघातील हिरवी रेषा कोणत्या मूलद्रव्याची ठरली?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लॉकयर यांच्या मताविरुद्ध लिहिणे नायगमवालांना अवघड का होते?
(आ) १८९८ च्या ग्रहणाच्या वेळी कोणकोणत्या अडचणी होत्या?
(इ) वेधशाळा माणसांनी टिकते, असे लेखकाने का म्हटले आहे?

३. ‘दुर्बीण’ या शब्दासारखे मराठीत आणि उर्दूत दोन्हींकडे वापरले जाणारे पाच शब्द लिहा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.